डिंकाचे लाडू आणि भरलेलं कपाट

"पण बाई, माझ्या कपाटात खोट काय आहे, ते तरी सांगा."

विक्रांत पोतनीसने पुन्हा तेच विचारलं. शेजारच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्याची प्रयोगशाळा तो सांभाळतो. शिकला आमच्या डॉक्टर इंदुमती सावरगावकर बाईंच्याच हाताखाली. आता त्याच्या कपाटाचे फोटो मीटिंगमध्ये दाखवतात. एचआयव्ही तपासणीची किट, सुया, हातमोजे, सगळं कसं छतापर्यंत रचलेलं. भेटेल त्याला तो एकच ऐकवतो, माझ्याकडे कधी काही कमी पडत नाही.

आमच्याकडची किट मात्र संपली होती. वरून येणारा माल कुठेतरी वाटेत अडकलेला.

आणि बाहेर बाकावर द्वारका बसली होती. दिवस भरत आलेली, आणि तपासणी एकदाही झालेली नाही. आईला लागण असल्याचं बाळंतपणाआधी कळलं तर औषधं देऊन बाळाला जपता येतं. ती होती विक्रांतच्याच तालुक्यातली. तिथे तिला सांगितलं, किट शिल्लक नाहीत, पुढच्या आठवड्यात या. म्हणून बिचारी एसटीने आमच्याकडे आली.

बाईंनी विक्रांतला फोन करून किट मागितलं. तर हा पठ्ठ्या रिकाम्या हातांनी नियम समजवायला हजर. राखीव साठ्याला हात लावायचा नाही म्हणे, अडीअडचणीला लागतो. मी शेजारी बसून नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होतो. अस्सा राग आला की एक चिठ्ठी वाकडीच लागली.



जेवणाची वेळ टळून गेली होती. स्वतःची पोळीभाजी त्यांनी मघाशीच द्वारकेला देऊन टाकली होती. त्या उठल्या आणि फळीवरचा स्टीलचा डबा खाली काढला.

"डिंकाचे लाडू आहेत."

विक्रांतने लगेच हात पुढे केला. बाईंनी डबा पुन्हा फळीवर ठेवला.

"कुणी पाहुणं आलं तर लागतील."

"मी आलोय की, बाई."

"तू आलायस रे. पण तू गेल्यावर कुणी आलं तर?"

"भूक मला आत्ता लागलीय. आत्ता द्यायचे नाहीत, तर ठेवलेत कशाला..."

तो बोलता बोलता थांबला. दाराबाहेर द्वारका पोटावर हात ठेवून बसली होती.



मग त्याने फोन काढला. आपल्या माणसाला सांगितलं, कपाट उघड, पिशवीत किट घाल आणि मोटरसायकल काढ. त्यानंतर तो नुसताच ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा पडला. फोटोत छान दिसणारी पुढची सगळी खोकी मुदत उलटून गेलेली निघाली. पार मागे, भिंतीला चिकटून, एक धड खोकं सापडलं.

ते आलं आणि द्वारकेची तपासणी झाली. निकाल बाईंनी आत बसवून तिलाच सांगितला. आम्ही विचारायचा प्रश्नच नव्हता. पण दिवस भरत आलेली पोर जितकी झपझप चालू शकेल, तितकी ती चालत गेली.

विक्रांत अजून उपाशीच होता. खाली मान घालून म्हणाला, बाई, आता तरी एक लाडू द्या.

बाईंनी डबा त्याच्या हातात दिला. झाकण घट्ट बसलं होतं. जोर लावून त्याने ते उघडलं आणि लगेच नाकाला रुमाल लावला. सगळ्या लाडवांवर हिरवी बुरशी चढली होती.

"बाई, हे तर केव्हाच खराब झालेत."

"झाले असतील," बाई म्हणाल्या. "पण कमी कधी पडले नाहीत."