रेशमी दोरी आणि पांढरी भिंत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की कधीची ते विचारू नका. त्या राज्यात कशाचीच नोंद धड नव्हती. आणि मध्ये बोलू नका बरं का, ही गोष्ट सांगताना माझंच डोकं गरगरतं.

तर एक राजा होता. मनाने भला, पण जरा घाईचा. त्याच्या राज्यात चोऱ्या होत होत्या आणि चोरांना बंदीखान्यात टाकलं जात होतं. एके दिवशी दरबारात त्याने सहज विचारलं, "चोरांना आपण कोंडतो, त्याने चोऱ्या कमी होतात की वाढतात?"

कोतवाल म्हणाला, "वाढल्या, महाराज." तो चोर धरला की काथ्याच्या दोरीला एक गाठ मारायचा, आणि दोरी चांगलीच लांबली होती.

शास्त्रीबुवा म्हणाले, "छे, छे! कमी झाल्या." ते न्यायनिवाडा करायचे. शिक्षा सुनावली की रांजणात एक खडा टाकायचे, आणि रांजण अजून अर्धासुद्धा भरला नव्हता.

बंदीखान्याचा नाईक म्हणाला, "आहे तेवढंच आहे." त्याच्याकडे भिंत होती. प्रत्येक कैद्याची एक खूण भिंतीवर काढलेली, आणि दर अमावास्येला त्या खुणेखाली कोळशाची एक रेघ. रेघा पुऱ्या झाल्या की माणूस घरी. एक जाई, एक येई, खुणा होत्या तेवढ्याच.

वाढल्या, कमी झाल्या, आहे तेवढ्याच! राजाने कपाळाला हात लावला. एकाच राज्यात तिन्ही कसं खरं असेल? त्याने खजिना उघडला, तिघांना मोहरांची एकेक थैली दिली आणि म्हणाला, "आपापल्या खुणा सुधारा. पैशाची फिकीर करू नका. वर्षाने मला एकच उत्तर हवं."

पैसा रयतेच्या शेतसाऱ्याचा होता, पण हेतू चांगला होता. फक्त तिघांनी एकत्र बसा, एवढं सांगायचं राजा विसरला. आता याला घाई म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

कोतवालाने रेशमी दोरी आणली. काथ्याच्या गाठी मोजून तितक्याच रेशमावर मारल्या आणि जुनी दोरी चुलीत घातली. शास्त्रीबुवांनी पितळेची भलीमोठी घागर करवली, खडे तिच्यात ओतले आणि कुणी हात घालू नये म्हणून तोंड कथलाचा डाग देऊन बंद केलं. वर खडा टाकायला तेवढी फट ठेवली. नाईकाने भिंतीकडे पाहिलं. कोळशाने अगदी कळकट झालेली! त्याने माणसं लावून ती चुन्याने पांढरीशुभ्र करून घेतली आणि खाली गेरूचा पट्टा ओढला. इतकी देखणी भिंत झाली की त्यावर पुन्हा कोळसा फिरवायचा त्याला धीरच होईना.

चुन्याखाली गेलेल्या खुणांपैकी एकीत मेंढीचं डोकं होतं. ती म्हाळूची खूण. म्हाळूने दुष्काळात पाटलाची मेंढी चोरली होती. चोरली होती हो, खोटं कशाला बोलू? ज्वारी निसवली होती, कणसं नुकती बाहेर पडत होती, तेव्हा तो पकडला गेला, आणि ज्वारी पुन्हा निसवेपर्यंत आत बसायची शिक्षा त्याला झाली. घरी बायको सगुणा आणि तिच्या कडेवर तान्ही मुलगी.

पुढची ज्वारी निसवली. सगुणा बंदीखान्यावर आली. "नाईक, माझा माणूस आज सुटणार ना?"

"भिंत बघून सांगतो," म्हणत नाईक आत गेला आणि परत आला. "बाई, रेघ एकही नाही. म्हणजे तो आजच आलेला दिसतोय."

"आजच? अहो, वर्षभर तुमच्याच हातात त्याची भाकरी देतेय मी!"

"ते खरं," नाईक मान खाजवत म्हणाला. "पण भिंतीवर नाही ना."

ती शास्त्रीबुवांकडे गेली. त्यांनी घागर हलवून कान लावला. "वाजतेय. म्हणजे शिक्षा झालेली आहे."

"झालीय हो! पण संपली का?"

"खडा म्हणजे शिक्षा सुनावली. संपल्याचा खडा आमच्याकडे नसतो. नाईकाला विचार."

ती कोतवालाकडे गेली. त्याने रेशमी दोरी हातावर घेतली आणि त्याचे डोळेच विस्फारले. रेशमाच्या गाठी त्या! एकेक करून सगळ्या सुटून गेल्या होत्या. "बाई, गाठ तर दिसत नाही," तो म्हणाला. "म्हणजे आम्ही त्याला धरलंच नाही."

"धरलंच नाही, मग तो आत कसा?"

"हो की! आत कसा?" कोतवालही गोंधळला. "शास्त्रीबुवांना विचार."

नाईक, शास्त्री, कोतवाल, पुन्हा नाईक! सगुणाच्या वहाणा झिजल्या. ती रडली, भांडली, पाया पडली. प्रत्येक जण गोड बोलायचा आणि प्रत्येकाचं खरंच काही चुकत नाही असं तिला वाटायचं. कधी कधी तर तिला वाटे, आपल्यालाच वेड लागलं की काय? म्हाळू खरंच आजच आत गेला असेल का? आत म्हाळूही बोटं मोजता मोजता चुकू लागला होता. इकडे मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, आणि बघता बघता ज्वारी आणखी एकदा निसवली.

राजाने उत्तर मागितलं. कोतवालाने दोरी पुढे धरली. एकही गाठ नाही!

"वा!" राजाने टाळी वाजवली. "राज्यात चोरच उरला नाही! साखर वाटा!"

तोच सगुणा दरबारात घुसली. "महाराज, चोर नाही तर माझा नवरा कोण आहे? त्याला सोडा, नाहीतर साखर तरी थांबवा!"

राजाचा हात हवेतच राहिला. तो उठला आणि तडक बंदीखान्यात गेला. "कुणाची शिक्षा संपलीय?" त्याने विचारलं.

"माझी!" म्हाळू ओरडला.

"माझी!" बाकीचे सगळे ओरडले. कालपरवाच आलेला, वाटसरूंचे गळे कापणारा दरोडेखोरही छातीवर हात ठेवून म्हणाला, "देवाशप्पथ, महाराज, माझी तर केव्हाच संपली."

राजाने भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीफटक. सगळ्यांना सोडावं तर दरोडेखोर सुटतो. सगळ्यांना ठेवावं तर न जाणो किती म्हाळू कुजतात.  शेवटी त्याने तिथेच एक घोंगडी अंथरायला लावली आणि तिघांना तिच्यावर बसवलं. "हा माणूस कधी सुटायला हवा, ते मिळून सांगा. तोवर उठायचं नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं चाकरी केली, पण असे गुडघ्याला गुडघा लावून ते कधी बसले नव्हते.

"मी याला धरला तेव्हा ज्वारी निसवली होती," कोतवाल आठवून म्हणाला.

"मी म्हटलं होतं, पुन्हा निसवेपर्यंत," शास्त्रीबुवा म्हणाले.

नाईक खाली मान घालून म्हणाला, "तो माझ्याकडे आल्यापासून ती दोनदा निसवली."

झालं! पान लावायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. तिघांकडे एकेक तुकडा होता, आणि तुकडे जुळले की उत्तर समोर होतं. दरोडेखोराचंही तसंच जुळलं. तो मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन बसला.

राजाने म्हाळूसाठी मोहरांची थैली मागवली. म्हाळूने ती घेतली नाही. दाराशी सगुणा उभी होती आणि त्यांची मुलगी तिच्या पदराआड लपून या दाढीवाल्या परक्या माणसाकडे भेदरून बघत होती. म्हाळूने हात पुढे केला तशी ती भोकाड पसरून रडू लागली. त्याने हात मागे घेतला.

तो राजाकडे वळला. "महाराज, मी मेंढी चोरली, तिचं एक वर्ष मी भोगलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझं हे दुसरं वर्ष चोरलं, ते कुणी?"

कोतवालाने शास्त्रींकडे पाहिलं, शास्त्रींनी नाईकाकडे, आणि नाईकाने राजाकडे. राजाला पुढे कुणाकडे बघावं ते कळेना. 

त्यानंतर दर अमावास्येला ते तिघे एका घोंगडीवर बसू लागले आणि राजा त्यांच्यासमोर बसू लागला. आज घरी कोण जायला हवं, हे आधी ठरायचं. चोऱ्या वाढल्या की कमी झाल्या, हा प्रश्न त्यानंतर. त्याचं उत्तर ते अजून शोधताहेत म्हणे.

तात्पर्य: ज्या नोंदीत माणूस दिसत नाही, तिच्यावर खजिना ओतला तरी न्याय होत नाही.