बुजलेली फट

डोंगरातल्या एका बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी दोन पिल्लांना घेऊन बसली होती. धनेशांची रीतच तशी. मादी आत बसून फळांचा चोथा आणि विष्ठा लिंपते, ढोलीचं तोंड बंद करते आणि चोचीपुरती फट ठेवते. त्या फटीतून नर उंबरं भरवतो. भिंत कुठे टवकली, की ही चोचभर चोथा लावते आणि पुन्हा गप्प बसते. शहाणी बाई!

पण एके दुपारी घोरपडीने भिंतीवर नखं ओढली. खर्र... खर्र! मादीने घाबरून घाईघाईने लिंपण चढवलं. घोरपड दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी नराने टोचून टोचून तिला पिटाळलं, पण आत बसलेलीला ते कसं कळणार? पान सळसळलं, लिंप. फांदी करकरली, लिंप. आणि अगं बाई, फटच बुजली!

नर उंबर घेऊन आला, तर समोर नुसती भिंत. आतून पिल्लांचं चिरकणं ऐकू येत होतं, तेही क्षीण होत चाललेलं. त्याने सुतारपक्ष्याला बोलावलं. सुतार ठोकू लागताच मादी आतून किंचाळली, "आली, घोरपड आली!" आणि तिने आणखी थर चढवला.

सुतार थबकला. "दादा, मी ठोकेन तेवढी ही जाड होणार. आणि सगळी भिंत पाडली, तर घोरपडीला रान मोकळं. आधी वहिनींना शांत करा."

नर भिंतीला डोकं टेकून बोलत राहिला. "अगं, मी आहे. गेली ती. मीच हाकललंय तिला." बऱ्याच वेळाने लिंपण थांबलं.

"अहो, खरंच गेली?"

तेव्हा सुताराने चोचीपुरतं भोक पाडलं. एका पिल्लाने उंबर गिळलं. दुसरं हललंच नाही.

मुलांनो, आपल्या पोटात जठरामागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या तारकापेशी एरवी अशाच गप्प असतात. इजा झाली, की त्या धागे घालून ती बुजवतात. पण सूज पुन्हा पुन्हा येत राहिली, तर त्या थांबतच नाहीत आणि त्यांच्याच धाग्यांत स्वादुपिंड आवळलं जातं. त्यांना मारूनही चालत नाही, कारण मग इजा बुजवणार कोण; त्यांना पुन्हा शांतच करावं लागतं. भीती वाटली ना? वाटायलाच हवी.

तात्पर्य : जखम बुजवणाऱ्याला मारू नये, पण त्याची भीती वेळीच घालवली नाही, तर ज्याला तो जपतो त्याचाच जीव जातो.