पाइपाची मावशी

गावात घरोघरी नळ नवे नवे आले होते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरउतारावर एक लोखंडी पाइप पुरला होता आणि त्याच्या शेजारी, त्यालाच जोडलेली, बोटाएवढी जाड जस्ताची केबल. ओल्या काळ्या मातीने दोघांना कुशीत घेतलं होतं. तिचं बोलणं फार मऊ, म्हणून पाइप तिला मावशी म्हणायचा. केबलचा मात्र त्याला राग यायचा. तिच्यातून सारखी बारीक वीज यायची आणि त्याचं अंग झिणझिणायचं.

एकदा त्याने घुशीला हाक मारली. "ही केबल कुरतडून टाक गं."

"दादा, असं करू नकोस," केबल कळवळली. पण घुशीने तोवर दात लावले होते.

झिणझिण थांबली. पाइप सुखावला. दोन-तीन पावसाळे गेले आणि त्याच्या पोटाला खाज सुटली, तांबडे पोपडे पडू लागले.

"मावशी, बघ ना! मला कोण खातंय?"

"मी," माती तितक्याच मऊपणे म्हणाली.

पाइप थिजला. आपण चुकीचं ऐकलं, असंच त्याला वाटलं. "तू? तू तर मला कुशीत घेतलंस!"

"घेतलंच की. पण ओलीत लोखंड आलं की मी ते खाते, बाळा. इतके दिवस ही केबल तुला वीज द्यायची, म्हणून तुझ्याऐवजी तीच झिजत होती."

पुढे पाइप फुटलाच. पाण्याचा लोट उसळला, माणसं धावत आली. त्यांनी भोक बुजवलं, केबल सांधली आणि पुन्हा माती लोटली.

पाइपाने केबलकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती निम्मी उरली होती.

"मला आधीच का नाही सांगितलंस?"

"तुला इथून हलता येत नाही, दादा," केबल म्हणाली. "सांगितलं असतं, तर मावशीच्या कुशीत तू एक दिवस तरी सुखाने झोपला असतास का?"