द्रोणातला आवाज

त्या मुलखातलं पाणी काहीच विसरत नसे. तळ्यावर जे घडे त्याचं चित्र पाण्यात राही, आणि ज्याला हवं त्याने काठावर यावं, पाहावं, अशी रीत होती. प्रत्येक चित्राभोवती बेडकांची दाटी असे. "वा! वा!" ते ओरडत, नाहीतर "यापेक्षा आमच्याकडचं भारी" म्हणत. त्या गलक्यात चित्रातला आवाज कोणाला ऐकू येत नसे, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नसे.

काठच्या उंबरावर दोन खंड्या भाऊ राहत. मोठा नदीवर सूर मारून मासा आणी, धाकटा बसून खाई. धाकट्याने दोनदा सूर मारून पाहिला होता आणि दोन्ही वेळा पोट आपटून घेतलं होतं. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. मग एका सकाळी मोठा फांदीवरून पडला तो उठला नाही. त्याच्या एका सुराचं चित्र तेवढं तळ्यात राहिलं होतं. धाकटा रोज ते पाही. उपाशी असला तरी पाही.

तळ्याचा कारभार बगळ्याकडे होता. त्याने दवंडी पिटली. ज्याचं चित्र, त्याने वर्षातून एकदा येऊन पाण्याला चोच लावावी. न आल्यास चित्र ओढ्याने सोडून देण्यात येईल.

धाकटा तसाच गेला. "हे माझ्या दादाचं आहे. तो मेला."

"मग त्याने येऊन तसं सांगावं," बगळा म्हणाला. त्याने डोळेही उघडले नाहीत.

मुदत संपायला एकच दिवस होता. तळ्यातलं पाणी बाहेर न्यायला बंदी होती, पण नेत सगळेच, आणि काढून देई खेकडा. त्याच्या बिळाला सात तोंडं होती आणि प्रत्येकावर लिहिलं होतं, 'पाणी इथे.' पहिल्या तोंडात एका घुशीने धाकट्याला पिसं चमकवायचं तेल दाखवलं. दुसऱ्यातून कोणीतरी ओरडलं, "अभिनंदन! तुम्हाला हत्ती लागला आहे!" पाचव्या, सगळ्यांत कळकट तोंडाशी खेकडा बसला होता.

"कशात न्यायचं?"

धाकट्याने पळसाच्या पानाचा द्रोण पुढे केला.

खेकडा हसला. "एवढ्याशात दोन्ही मावायचं नाही, बाळा. चित्र घे, नाहीतर आवाज. वेगळं करून देतो. पण एकदा वेगळं केलं की मला जोडता येत नाही. कोणाला तरी विचारून ये."

"विचारायचा तोच गेला. चित्र पाठ आहे मला. आवाज दे."

खेकड्याने नांग्यांनी पाणी चाळून द्रोण भरून दिला. दुसऱ्या दिवशी बगळ्याने ओढा उघडला आणि एक निळी रेघ वाहून गेली.

चार दिवसांत धाकट्याला कळलं की चित्र पाठ नव्हतं. दादाची मान कशी वळायची, तेही आठवेना. द्रोण त्याने जपून ठेवला होता. ऐकला तर संपेल अशी भीती होती. पाचव्या दिवशी भूक आणि राग दोन्ही अनावर झाले, तेव्हा त्याने कान लावला.

"धाकट्या, त्या बेडकांकडे नको, माझ्याकडे बघ. चोच आधी. मान ताठ. पंख पाण्याला लागायच्या आत मिटायचे. पोट आपटतं ते तू मधेच थांबतोस म्हणून. घाबरतोस काय, गाढवा? हं!"

मग पाणी फुटल्याचा आवाज.

त्याने तो पुन्हा ऐकला. पुन्हा. मग 'हं'बरोबर उडी टाकली. पोट आपटलं. वर येऊन त्याने द्रोणाला दोन शिव्या दिल्या आणि परत कान लावला.

तिसऱ्या प्रहरी तळ्यात एक निळी रेघ सरळ उतरली आणि चित्र होऊन तिथेच राहिली. बेडूक धावत आले.

"हॅ, जुनं आहे हे!" एक म्हातारा बेडूक तोंड वाकडं करून म्हणाला. "मागच्या वर्षी पाहिलंय आम्ही. कोणीतरी परत टाकलंय."

बगळा तरातरा आला. "हे सोडून दिलं होतं! कोणाचं आहे हे?"

वर फांदीवरून पाणी ठिबकत होतं. धाकट्याच्या चोचीत मासा होता, आणि तो अजून वळवळत होता.