पेरूच्या पानात बांधलेले रुसवे

पेरूची बाग संपते तिथे एक इवलंसं कौलारू घर होतं. घर इतकं लहान होतं, की त्याच्यापुढचं अंगणच त्याच्यापेक्षा मोठं दिसायचं. त्या घरात बकुळा राहायची. तिला सगळे बकू म्हणायचे. बकूचा फ्रॉक आईच्या जुन्या साडीचा होता, म्हणून त्यावर अर्धाच मोर होता. उरलेला अर्धा उशीच्या अभ्र्यावर होता. बकूच्या पायात चप्पल नव्हती. उन्हाळ्यात अंगण तव्यासारखं तापलं, की ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चालायची आणि म्हणायची, "मी नाचतेय."

बकूचे बाबा दिवसभर बागेतले पोपट हाकलायचे. बाग त्यांची नव्हती, पोपटही त्यांचे नव्हते. हाकलणं मात्र त्यांचं होतं.

आई घरी असायची. म्हणजे पहाटे ती हंड्यापाशी असायची, मग चुलीपाशी, मग धुण्याच्या दगडापाशी, आणि ज्याला जे सापडत नसेल त्याच्यापाशी. तरी कुणी विचारलं, "शालन, तू काय करतेस गं?" तर ती म्हणायची, "काही नाही, घरीच असते." हे उत्तर बकूला अजिबात पटायचं नाही.

आणि घरात आत्याआजी होती, बाबांची आत्या. ती दारातल्या बाजेवर बसून सगळ्या जगावर लक्ष ठेवायची. जगात तिला एकच गोष्ट खटकायची. जग बदललं होतं. भाकरी गोल झाली, की ती म्हणायची, "आमच्या वेळी याहून गोल असायची." पौर्णिमेचा टपोरा चंद्र उगवला, की म्हणायची, "आमच्या वेळी मोठा उगवायचा." चंद्र बिचारा ढगाआड जायचा.

आईच्या तीन मैत्रिणी होत्या. गोदाकाकू धिप्पाड होत्या आणि त्यांच्या हातात बैलाचं बळ होतं. शमीममावशी काम करताना गाणी म्हणायच्या. तारामावशी हसायच्या, एवढंच, पण त्या हसायला लागल्या की बागेतले पोपट गप्प होऊन ऐकायचे. दर उन्हाळ्यात पापड, कुरडया करायच्या दिवसांत चौघी एकमेकींकडे जायच्या. आज तुझ्या अंगणात, उद्या माझ्या. कुरडई एकटीने होतच नाही. गहू भिजवून, वाटून काढलेला पांढराशुभ्र चीक चुलीवर शिजवताना एकीने सारखा हाटायचा, एकीने जाळ सांभाळायचा, एकीने तो गरम गरम सोऱ्यात भरून दाबायचा, आणि एकीने हसायचं. हसणारी नसली तर हात फार दुखतात.

यंदा आई तिघींकडे जाऊन आली होती. मग त्या तिघी एकदा आईकडे आल्या, आणि बाजेवरून आत्याआजी बोलली.

"गोदा, तुझ्या कुरडया बघितल्या. घर शाकारायला बऱ्या आहेत. आमच्या वेळी कुरडई अशी नाजूक असायची, की फुंकर मारली तर उडायची."

मग शमीममावशींना म्हणाली, "गातेस होय? मला वाटलं रहाटाला तेल हवंय."

आणि तारामावशींना म्हणाली, "आमच्या वेळी बायका पदरात तोंड घालून हसायच्या."

तिघी उठल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

आता आईचे गहू भिजले होते, वाटून झाले होते. चीक मोठ्या पातेल्यात निवळत ठेवला होता. उद्या सकाळी तो शिजवावाच लागणार होता, नाहीतर आंबून जाणार. मग वर्षभर ताटात कुरडई नाही, सणालाही नाही. पण बकूला त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आई पाच पाच मिनिटांनी फाटकाकडे बघत होती.

"वाट बघतेस?" बकूने विचारलं.

"छे. फाटक गंजलंय का ते बघतेय," आई म्हणाली.

त्या दुपारी बकू अंगणात साबुदाण्याच्या पापड्या राखत बसली होती. साडीवर ओळीने घातलेल्या ओल्या पापड्या मोत्यांसारख्या चमकत होत्या. हातात काठी होती, पण चिमण्या आल्या की बकू म्हणायची, "अगं, ही एवढी एक घ्या आणि बाकीच्या राहू द्या." चिमण्या ऐकायच्या.

तेवढ्यात एक बारीकसा आवाज आला. "ए मुली. जरा इकडे बघ."

एका पापडीत कुणीतरी अडकलं होतं. बोटभर उंचीची, गुलबक्षी झग्याची, गोबऱ्या गालांची परी. तिचे चिमुकले रुपेरी पंख साबुदाण्यात चिकटून बसले होते.

"तू खरंच परी आहेस?" बकू म्हणाली. "मग जादूने सुट की."

"कांडीपण चिकटली आहे," परी खालच्या आवाजात म्हणाली. "जिऱ्याचा वास आला म्हणून उतरले. एकच घास खाणार होते."

बकू तापलेल्या अंगणातून उड्या मारत माठापाशी गेली आणि ओंजळीत पाणी घेऊन आली. थेंब थेंब सोडून तिने एकेक पंख हळूच सोडवला, अर्ध्या मोराने पुसला, फुंकर घालून वाळवला. पंख लुकलुकले. त्यांतून निळे, पिवळे, डाळिंबी कण उडाले. पापडीचा मात्र पार लगदा झाला होता.

"हिच्यावरून तुला ओरडा बसेल," परी म्हणाली.

"बसेल थोडा. तू वाळलेली पापडी घेऊन जा. ओली खाल्ली की पोट दुखतं."

परीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "माझं नाव लुकलुकी. तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण दोन नियम आहेत. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि माझी जादू चालू असताना जवळपास कुणी 'आमच्या वेळी' असं म्हटलं, की जादू फुटते."

"असं का?"

"जादूला नियम असतात, कारणं नसतात."

"मोठ्या माणसांसारखंच झालं हे," बकू म्हणाली. मग तिने बाजेवर घोरणाऱ्या आत्याआजीकडे पाहिलं. "दुसरा कुठलाही नियम नाही का चालणार?"

"नाही. पण मी आयत्या कुरडया देऊ का? ढीगभर देते, इंद्रधनुष्याच्या रंगाच्या."

बकूला मोह झाला. पण तिला फाटकाकडे बघणारी आई आठवली. "कुरडया येतील गं. पण मग आईबरोबर हसेल कोण? तिच्या मैत्रिणी येऊ देत."

"मैत्रिणींना आणते," लुकलुकी म्हणाली. "टिकवायच्या तू."

दुसऱ्या दिवशी दवबिंदू वाळायच्या आधी लुकलुकी तिन्ही घरांत जाऊन आली. तिने तिघींच्या नाकावर बसलेले रुसवे अलगद उचलले. गोदाकाकूंचा रुसवा वांग्यासारखा जाडजूड आणि जांभळा होता. शमीममावशींचा लांबुडका, मिरचीसारखा होता. तारामावशींचा वाटोळा होता आणि टुणटुण उड्या मारत होता. तिन्ही तिने पेरूच्या एका पानात गुंडाळले, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने बांधले आणि पुडी फांदीवर ठेवून स्वतः तिच्यावर बसली.

फाटक वाजलं.

"चीक निवळला का गं शालन?" गोदाकाकूंनी विचारलं, जणू काही झालंच नव्हतं. मागून शमीममावशी सोऱ्या घेऊन आल्या, आणि त्यांच्या मागून तारामावशी. आईने पदराने डोळे पुसले. "धूर गेला," ती म्हणाली. चूल अजून पेटवलीही नव्हती.

काय मग ती सकाळ! चूल धडधडली. आधणात हिंग पडला, मीठ पडलं, आणि चिकाची धार सोडली गेली. गोदाकाकू दोन्ही हातांनी दांडा धरून हाटू लागल्या. शमीममावशींनी गाणं धरलं. तारामावशी हसल्या आणि पोपट गप्प झाले.

बाजेवर आत्याआजी जागी झाली. तिने अंगण बघितलं, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"आमच्या..."

बकूने हातातल्या वाटीतला, दूध आणि गूळ घातलेल्या गरम चिकाचा चमचा तिच्या तोंडात सारला. "गूळ पुरे का, आत्याआजी?"

"हं," आत्याआजी म्हणाली. चीक तिचा फार आवडता. तिने तो मिटक्या मारत गिळला. "आमच्या..."

दुसरा चमचा. "आणि दूध?"

"कार्टे, दम धर जरा. आमच्या..."

तिसरा चमचा.

फांदीवर लुकलुकीने डोळे गच्च मिटून घेतले होते. वाटी रिकामी होत चालली. बकूने शेवटचा चमचा खरवडून काढला, त्यात थोडी हवा, थोडा गूळ आणि पुष्कळ आशा होती. आत्याआजीने तोही खाल्ला, ओठ पुसले आणि एका दमात म्हणाली,

"आमच्या वेळी चीक असा हाटत नव्हते."

टप्प. पेरूचं पान उलगडलं. तीन रुसवे भिरभिरत आले आणि आपापल्या नाकावर जाऊन बसले. शमीममावशींचं गाणं मध्येच तुटलं. तारामावशींचं हसू विरलं. गोदाकाकूंनी दांडा सोडला.

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग घर शाकारून झालं असेल तर मी निघते."

"मीही. रहाटाला तेल घालायचंय," शमीममावशी म्हणाल्या.

तिघी फाटकाकडे वळल्या. आईने एकटीनेच दांडा धरला, पण चीक घट्ट होत आला होता आणि दांडा हलेना. चिकात गाठी धरू लागल्या.

बकूला असा राग आला, की तिचे कान लाल झाले. ती थेट बाजेपुढे जाऊन उभी राहिली.

"आत्याआजी, तुमच्या वेळी, तुमच्या वेळी. रोज अर्धंच सांगतेस. आज सगळं सांग. तुमच्या वेळी काय होतं?"

अंगण थांबलं. आत्याआजीला आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं. ती ताठ बसली.

"आमच्या वेळी पातेलं याच्या दुप्पट असायचं."

"हाटायचं कोण?"

"मी."

"जाळ कोण बघायचं?"

"मीच की."

"आणि सोऱ्या?"

"तोही मीच. रात्री हात वर होत नसत." आत्याआजीचा आवाज जरा खाली आला.

"मग तुझ्या मैत्रिणी नाही का यायच्या?"

"होत्या मला मैत्रिणी. दोघी होत्या. एकदा आल्या, पण माझ्या सासूने त्यांना टिकू दिलं नाही."

"काय म्हणाली ती?"

"ती काय, बाजेवर बसून सारखी म्हणायची, आमच्या वेळी..."

आत्याआजी थांबली. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिने आपल्या खालच्या बाजेकडे पाहिलं, मग फाटकाशी उभ्या असलेल्या तिघींकडे, मग दांड्याशी झटणाऱ्या आईकडे.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मी ती झाले."

आधी तारामावशी फिस्सकन हसल्या. त्यांचा वाटोळा रुसवा नाकावरून टुणकन खाली पडला आणि कोंबडीने तो गिळला. मग आत्याआजी स्वतःच हसायला लागली, पदरबिदर काही न घेता, सगळे उरलेले दात दाखवून. शमीममावशींचा रुसवा घरंगळला. कोंबडीने तोही गिळला आणि तिला जोराची उचकी लागली.

"लागतंय खाली, लागतंय," आत्याआजी ओरडली. "गोदा, बघत काय राहिलीस? तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला हलणार नाही तो दांडा."

गोदाकाकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "कुरडया जाडच करणार मी."

"कर बाई. जाड असली तर चावायला वेळ लागतो, तेवढीच मी गप्प बसते."

गोदाकाकूंचा जांभळा रुसवा पिकल्या फळासारखा गळून पडला. त्यांनी दांडा धरला. आणि आत्याआजी चक्क बाजेवरून उठली, सोऱ्याला आतून पाणी लावून बसली, आणि उन्हं चढेपर्यंत साडीवर पांढऱ्या कुरडयांची चक्रं उमटत गेली.

"माझी जादू तर केव्हाच फुटली," बकूच्या कानाशी लुकलुकी कुजबुजली. "हे मी नाही केलं. म्हणजे तुझी इच्छा शिल्लक आहे. आता स्वतःसाठी माग."

"पण नियम?"

"मी बदलला. परी मी आहे."

बकूने क्षणभर विचार केला. "झोका," ती म्हणाली.

कांडी फिरली. पेरूच्या सगळ्यात मोठ्या फांदीवरून हिरव्या वेलींचा झोका उतरला. त्याच्या दोरांना मधरंगी फुलं होती आणि फळीवर मऊमऊ शेवाळाची गादी होती. बकू धावली. पण तिच्या आधी तारामावशी पोचल्या. मग शमीममावशींनी उंच झोका घेत गाणं पुरं केलं. गोदाकाकू बसल्या तेव्हा फांदी कुरकुरली, पण मोडली नाही. आई बसली, तिने डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ ती कुणाच्याच पाशी नव्हती, फक्त झोक्यावर होती. आत्याआजी बसली ती उतरेचना.

"आत्याआजी, माझा नंबर," बकू म्हणाली.

"येतो येतो. एवढी घाई बरी नव्हे. ढकल जरा जोरात."

ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे बकूला झोका मिळाला. आई मागे उभी राहिली आणि तिने झोका दिला. बकूचे अनवाणी पाय जमिनीपासून सुटले, पानांत गेले, पोपटांच्या शेपट्यांना लागले. वेलीच्या दोरावर लुकलुकी बसली होती, मांडीवर वाळलेली पापडी घेऊन.

"अजून उंच," ती म्हणाली.

झोका सगळ्यात उंच गेला तिथे तिने पंख उघडले. गुलाबी, शेंदरी, सोनेरी उजेड फांदीफांदीतून सांडला, अंगणावर, कुरडयांवर, पाच बायकांच्या वर केलेल्या चेहऱ्यांवर. झोका खाली आला तेव्हा दोरावर कुणी नव्हतं, नुसता उजेड होता.

अशी ही गोष्ट कडक उन्हात वाळली. ज्यांनी ती ऐकली, त्यांच्या ताटात ती कढईतल्या कुरडईसारखी फुलो.