मातीचं पांघरूण

एक होता चितारी. राजा नव्हे बरं का, साधा चितारी. लांब पश्चिमेला, रोमच्या बादशहाच्या राज्याच्या अगदी कडेला, एका मोठ्या नदीकाठी त्याचं गाव. त्याचं नाव जबदा, बायकोचं शलमत. त्यांना एकुलती एक लेक होती. दिवेलागणीला ती हातात दिवा घेऊन बाबांना आणायला वेशीपर्यंत यायची. एका पावसाळ्यात ती तापाने गेली. मग जबदा अंधारातच घरी येऊ लागला.

गावाच्या तटाला लागून एक प्रार्थनेचं घर होतं. साधंच, चार भिंतींचं. लोक म्हणाले, "जबदाकाका, भिंती बोडक्या दिसतात. काहीतरी काढा की!" मग जबदाने खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ काढला. मग नदी काढली, तिच्यात मासे काढले. मग दिवे घेऊन चाललेल्या बायका काढल्या. सगळ्यांत मागे एक मुलगी होती. तिला तोंड तेवढं नव्हतं. तिथे त्याला लेकीचं तोंड काढायचं होतं.

आता त्या कामाचं असं असतं, बरं का. चुना ओला आहे तोवरच रंग लावायचा. ओला चुना रंग पिऊन घेतो, मग तो जात नाही. वाळल्यावर लावलेला रंग नुसता वर बसतो आणि पापुद्रे होऊन गळतो.

जबदाने चुना लावला, कुंचला उचलला. लेक डोळ्यांपुढे आली आणि हात थांबला. चुना वाळून गेला. मग त्याने तसंच काढलं, ते गळून पडलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा रंग वाटता वाटता शलमत म्हणाली, "अहो, रडायचं तर रडा, पण हात चालू ठेवा. चुना काय तुमच्यासाठी थांबणार आहे? आणि डाव्या गालावरची खळी विसरलात तर बघा!"

मग जबदा रडत रडत काढत गेला. आणि काय नवल! दुपार टळली तरी चुना ओलाच. त्याच्या आसवांनी ओला राहिला होता. खळीसुद्धा निघाली. आणि दिवेलागणीला भिंतीतल्या मुलीच्या हातातला दिवा आपोआप पेटला. तेव्हापासून जबदा रोज त्या उजेडात घरी जायचा.

पुढे काय झालं, गावावर शत्रू चालून आला. तट होता पातळ. गावचा कारभारी येऊन म्हणाला, "काका, तटाला आतून मातीचा आधार हवा. हे घर मातीने भरावं लागेल. नाहीतर आमची पोरं वाचत नाहीत."

जबदा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, "आधी मला पुरा."

मातीने भरलेल्या पाट्या घेतलेले लोक तसेच उभे. पाटी ओतायला कुणाचा हात धजेना. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. लेक झोपताना म्हणायची ना, अगदी तसा. "बाबा, थंडी वाजते. पांघरूण घाला की! दिवा मी सांभाळते."

शलमतने पहिली पाटी ओतली. मग जबदाने ओतली. मग सगळ्या गावाने. आधी भिंतीतल्या मुलीच्या पायांवर माती आली, मग कमरेवर, मग गळ्यापर्यंत. तोंडावरची माती मात्र शलमतने हातांनी घातली, मूठ मूठ, हलकेच.

तट टिकला. शत्रू कंटाळून निघून गेला. पोरंबाळं वाचली. पण माती काढली असती तर तट पडला असता, म्हणून ती तशीच राहिली. जबदा आणि शलमत संध्याकाळी त्या मातीवर जाऊन बसायचे. खालून ऊब लागायची. दोघं तशीच सुखाने म्हातारी झाली.

मग खूप वर्षं गेली. गाव उठून दुसरीकडे गेलं. नदीने वाट बदलली. एकदा कुणी माणसं आली, त्यांनी माती उकरली. बघतात तर मेंढपाळ तसाच, मासे तसेच, गालावरची खळी तशीच. आणि मुलीच्या हातातला दिवा पेटलेला.

हं, आता पाय आत घ्या. पांघरूण गळ्यापर्यंत ओढा. दिवा मी सांभाळतो.