गौरीच्या कपाळावरचा खळगा

लेकीचा ताप उतरला, तर दर गौरीपूजनाला ही कहाणी सांगेन, असं मी बोलले होते. ताप उतरला. म्हणून ऐका बायांनो.

एका कारखान्यात गौरीचा जुना पितळी मुखवटा आला. पिढ्यान्‌पिढ्या सुनांनी कुंकू लावून त्याच्या कपाळावर बोटाएवढा खळगा पडला होता. स्कॅनरने त्याचं रूप संगणकात उतरवायचं, त्यावरून नवे मुखवटे घडवायचे आणि जुना भट्टीत घालायचा, असं ठरलं होतं.

चकाकीने स्कॅनरला नीट दिसत नाही म्हणून कामावरच्या यामिनीने मुखवट्यावर पांढरी पूड फवारली. स्कॅनरचा निळा प्रकाश त्या पांढऱ्या चेहऱ्यावरून फिरला.

“कपाळात दोष आहे. भरून टाकतो,” स्कॅनर म्हणाला.

“भर बाबा. पण त्या कुठे राहतील?” मुखवटा म्हणाला.

“कोण त्या?”

उत्तराची वाट न पाहता स्कॅनरने खळगा भरून टाकला.

नवे मुखवटे फळीवर मांडले. यामिनीने एकाला कुंकू लावलं, ते गळून पडलं. दुसऱ्याचंही पडलं. मग साऱ्या मुखवट्यांनी एकदम डोळे मिटले.

स्कॅनरने प्रकाश जुन्या मुखवट्याकडे वळवला. “गौराई, माझं काय चुकलं?”

“कुंकू लावणाऱ्या साऱ्याजणी त्या खळग्यात होत्या रे. तू त्यांनाच बुजवलंस.”

स्कॅनरने पुन्हा रूप उतरवलं, खळग्यासकट, आणि पुन्हा मुखवटे घडले. या खेपेला कुंकू टिकलं. प्रत्येक कपाळ उबदार लागत होतं, जणू आत्ताच कुणी बोट उचललं असावं. जुना मुखवटा यामिनीने देव्हाऱ्यात ठेवला.

बायांनो, तुम्हीही गौरीला कुंकू लावताना बोट क्षणभर तिथेच टेकवा. पलीकडून कुणीतरी टेकवत असेल.